इंजिन ऑइल आणि फिल्टर घरी बदलताना: किती, कसं आणि का

गाडीचं इंजिन ऑइल बदलायचं काम तोंडी सांगायला गेलं तर एका दमात सांगून होतं. खालचा बोल्ट काढा, जुनं ऑइल गळू द्या, फिल्टर बदला, बोल्ट परत लावा आणि वरून नवीन ऑइल ओता. ज्याला पाना नीट धरता येतो आणि ज्याच्याकडे दोन तास निवांत आहेत, त्याला हे काम खरोखरच जमतं. तरीही घरी ऑइल बदलल्यावर चेंबर (इंजिनाखालचं ऑइल साठणारं भांडं) गळायला लागला, आटे गेले, फिल्टरपाशी ऑइल दिसायला लागलं, अशा तक्रारी नेहमी ऐकू येतात. त्यांच्या मुळाशी गेलं तर बहुतेक वेळा काहीतरी जास्त झालेलं असतं. बोल्ट नको इतका आवळलेला असतो, ऑइल खुणेच्या वर गेलेलं असतं, फिल्टरला पान्याने पीळ दिलेला असतो, किंवा जाड ऑइल म्हणजे जास्त संरक्षण असं समजून भलतंच ऑइल घातलेलं असतं. म्हणून इथे प्रत्येक टप्प्यावर कृतीसोबत "किती" आणि "एवढंच का" हेही सांगतो. कारण कळलं की हात आपोआप योग्य जागी थांबतो.

ऑइल आत काय करत असतं

इंजिनाचा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या ढकलण्याने फिरणारा मुख्य दांडा, ज्या बेअरिंगमध्ये फिरतो त्यांत छर्रे नसतात. ती धातूची गुळगुळीत अर्धगोल कवचं असतात. शाफ्ट आणि कवच यांच्यामध्ये असतो तो फक्त ऑइलचा थर, आणि चालू इंजिनात तो काही मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, त्यावरून हा थर किती पातळ ते लक्षात येईल. पाणी साचलेल्या रस्त्यावर वेगात गेलेला टायर जसा रस्ता सोडून पाण्यावर चढतो, तसा फिरता शाफ्ट ऑइलला अरुंद जागेत ओढून घेतो, तिथे दाब तयार करतो आणि त्या दाबावर स्वतःच उचलला जातो. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर हा शाफ्ट सेकंदाला 50 वेळा फिरतो, आणि तरी धातूला धातू लागत नाही. पंपाचं काम त्या फटीपर्यंत ऑइल अखंड पोहोचवत राहायचं. उचलून धरणारा दाब फिरण्यातूनच येतो.

इंजिन बंद झालं की शाफ्ट खाली टेकतो. पुन्हा सुरू करताना पहिले काही क्षण हा थर पुरता तयार झालेला नसतो, आणि तेव्हा ऑइलमधली जस्त-फॉस्फरसची संयुगं उपयोगी पडतात. घर्षणाच्या जागी ती धातूवर एक पातळ संरक्षक लेप तयार करतात.

वंगणाखेरीज ऑइल आणखी बरंच करतं. पिस्टनच्या खालच्या बाजूची उष्णता ते वाहून नेतं, कारण तिथपर्यंत इंजिन थंड ठेवणारा द्रव, म्हणजे कूलंट, पोहोचत नाही. पिस्टन रिंग आणि सिलिंडर यांच्यामधली फट ते बुजवतं. इंधन जळताना काजळी, पाणी आणि आम्लं तयार होतात. त्यांतला काही भाग रिंगांच्या कडेने खाली उतरतो. ऑइलमधली धुणारी द्रव्यं ही काजळी बारीक कणांच्या रूपात तरंगत ठेवतात, तिचे गोळे होऊ देत नाहीत, आणि आम्लं निष्प्रभ करतात. म्हणूनच ऑइल काळं पडतं. डिझेल गाडीत ते बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं आणि त्यात बिघाड काहीच नसतो. नुसत्या रंगावरून ऑइल संपलं असं ठरवू नये.

मग ऑइल बदलायचं का? मूळ तेल फारसं खर्च होत नाही, पण त्यात मिसळलेली द्रव्यं वापरात संपत जातात. आम्ल मारणारा साठा संपला की आम्लं बेअरिंगच्या धातूला लागतात. दाटपणा टिकवण्यासाठी घातलेले लांब साखळीचे रेणू गिअर आणि चेन यांच्यामध्ये चिरडून तुटतात आणि ऑइल पातळ होतं. त्याच वेळी उष्णतेने आणि हवेने ते ऑक्सिडाइज होऊन घट्ट होऊ लागतं. तापमान दर 10 अंशांनी वाढलं की ही क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते. दोन्ही गोष्टी पुढे गेल्या की शेवटी चिकट गाळ बनतो. तो ऑइल पंपाच्या जाळीवर बसला की पंपाला ऑइल ओढता येत नाही.

गाडी अगदी थोडं अंतर जाऊन बंद होत असेल तर ऑइल नीट तापतच नाही. मग त्यात उतरलेलं पाणी आणि इंधन उडून जात नाही, साचत राहतं. त्यामुळे कमी चाललेल्या गाडीचं ऑइल जास्त टिकतं हा समज खरा नाही. उत्पादक किलोमीटरसोबत महिनेही देतात आणि "जे आधी होईल ते" असं लिहितात, ते याचसाठी. अनेक आधुनिक पेट्रोल गाड्यांना 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष असा अवधी दिलेला असतो. पण मॅन्युअलमध्ये त्याच पानाच्या आसपास "कठीण वापर" असा आणखी एक तक्ता असतो. धूळ, सततची छोटी अंतरं, तासन्‌तास उभ्या गाडीत चालू इंजिन, जड ओझं ओढणं यांपैकी काही तुमच्या रोजच्या वापरात असेल, तर तो कमी अवधीचा तक्ता तुमचा. माझ्या मते बहुतेक गाड्या या दुसऱ्या तक्त्यात बसतात आणि बहुतेक मालक पहिला तक्ता वाचतात.

डब्यावरचे आकडे

डब्यावर 5डब्ल्यू-30 असं काहीतरी लिहिलेलं असतं. ही वर्गवारी एसएई या अभियंत्यांच्या संस्थेची आहे. तिची पहिली मांडणी 1911 मधली, पुढे ती अनेकदा सुधारली गेली. यातला "डब्ल्यू" हिवाळ्याचा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल कडाक्याच्या थंडीत सहज हलतं. 5डब्ल्यू ऑइलची थंडीतली चाचणी उणे 30 अंश सेल्सिअसला होते, 10डब्ल्यूची उणे 25 ला. मागचा आकडा 100 अंशांना ऑइल किती दाट आहे ते सांगतो. 30 म्हणजे त्या तापमानाला 9.3 ते 12.5 सेंटिस्टोक (दाटपणाचं एकक), 40 म्हणजे 12.5 ते 16.3. डब्यावरचे आकडे अंश नाहीत आणि लिटरही नाहीत, ते फक्त वर्गाचे क्रमांक आहेत.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: 5डब्ल्यू-30 ऑइल थंड असताना "5" इतकं पातळ असतं आणि तापल्यावर "30" इतकं जाड होतं. तसं काही होत नाही. प्रत्येक ऑइल तापलं की पातळच होतं. 5डब्ल्यू-30 ऑइल 40 अंशांना साधारण 60 सेंटिस्टोकच्या आसपास असतं आणि 100 अंशांना दहा-अकरावर येतं. अशा दोन आकड्यांच्या, म्हणजे बहुश्रेणी, ऑइलची करामत इतकीच, की ते साध्या ऑइलपेक्षा कमी प्रमाणात पातळ होतं.

मग मॅन्युअलमध्ये 0डब्ल्यू-20 लिहिलं असताना 20डब्ल्यू-50 घातलं तर काय बिघडतं? बेअरिंगची फट, पंपाची क्षमता, व्हॉल्व्हची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेतल्या बारीक वाहिन्या, चेनचा ताण धरणारा हायड्रॉलिक टेन्शनर, हे सगळं ठरावीक दाटपणा धरून बनवलेलं असतं. जाड ऑइल थंड इंजिनात वरच्या भागापर्यंत उशिरा पोहोचतं, म्हणजे जिथे झीज सर्वाधिक होते त्या क्षणीच कमी पडतं. काही मॅन्युअलमध्ये हवामानानुसार दोन-तीन ग्रेड दिलेल्या असतात. त्यांतली कुठलीही निवडा. त्या यादीबाहेर जायचं कारण नाही.

ग्रेड जुळली तरी आणखी एक गोष्ट पाहायची राहते. एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेच्या खुणेत "एस"ने सुरू होणारी अक्षरं पेट्रोल इंजिनासाठी आणि "सी"ने सुरू होणारी डिझेलसाठी. पुढचं अक्षर वर्णमालेत जितकं पुढचं, तितकं मानक नवं. उदाहरणार्थ, एसपी हे मानक 2020 मध्ये आलं. पेट्रोलची नवी मानकं सहसा जुन्या गाड्यांनाही चालतात. डिझेलच्या धुरकांड्यात काजळी पकडणारा डीपीएफ फिल्टर असेल तर कमी राख देणारं ऑइलच लागतं. युरोपीय एसीईए मानकात असं ऑइल "सी" गटात येतं (हा एपीआयचा डिझेलचा "सी" नव्हे). साधं ऑइल वापरलं तर त्याची राख डीपीएफमध्ये साचते आणि ती जाळून काढता येत नाही. ऑइलसोबत घालायच्या "चमत्कारी" बाटल्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे, त्या घेऊ नका. ऑइलमधली द्रव्यं एकमेकांशी तोलून घातलेली असतात. वरून आणखी काही ओतलं तर तो तोल बिघडायचाच धोका जास्त.

फिल्टरच्या डब्यात काय असतं

सुरुवातीच्या मोटारींना ऑइल फिल्टर नव्हताच. अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलंड यांनी 1923 मध्ये "प्युरोलेटर" नावाचा फिल्टर पुढे आणला. आजचा फिरकीचा फिल्टर म्हणजे एक पत्र्याचा डबा. त्याच्या तोंडाशी कडेने लहान भोकं असतात आणि मधोमध आट्यांचं एक मोठं भोक. ऑइल कडेच्या भोकांतून आत येतं, घड्या घातलेल्या कागदासारख्या माध्यमातून गाळून मधल्या नळीत उतरतं आणि तिथून बेअरिंगकडे जातं.

आत दोन छोटे झडप असतात आणि फिल्टरचा खरा दर्जा बराचसा त्यांच्यावर ठरतो. एक रबराची पाळी असते. इंजिन बंद झाल्यावर ती ऑइलला मागे उतरू देत नाही. ती कडक झाली की फिल्टर रात्रभरात रिकामा होतो आणि सकाळी इंजिन सुरू करताच क्षणभर खडखड ऐकू येते. दुसरा बायपास झडप. फिल्टर तुंबला किंवा थंड ऑइल फार दाट असलं की तो उघडतो आणि न गाळलेलं ऑइल तसंच पुढे जाऊ देतो. बेअरिंगला अजिबात ऑइल न मिळण्यापेक्षा घाण ऑइल परवडलं, असा त्यामागचा हिशेब. याचा अर्थ असा की तुंबलेला फिल्टर गाडी थांबवत नाही, कुठलाही दिवा लावत नाही. तो मुकाट्याने गाळणं सोडून देतो. म्हणून दर वेळी ऑइलसोबत फिल्टर बदलावा. शिवाय जुन्या फिल्टरमध्ये पाव लिटरच्या आसपास जुनं ऑइल राहतं, फिल्टर बदलला की तेही नव्यात मिसळत नाही.

काही गाड्यांत पत्र्याचा डबा नसतो. प्लॅस्टिकच्या झाकणाखाली नुसता कागदी फिल्टर असतो. तिथे झाकणाची रबर रिंग बदलावी लागते, आणि ती ज्या खाचेत होती त्याच खाचेत बसवावी लागते. शेजारच्या खाचेत बसली तर गळती ठरलेली.

आधी जमवाजमव

ऑइल आणि फिल्टर यांशिवाय ड्रेन बोल्टचा (ज्यातून जुनं ऑइल काढतात त्या खालच्या बोल्टचा) नवा वॉशर, बोल्टच्या मापाचा रिंग पाना किंवा सॉकेट, फिल्टरचा पाना, जुन्या ऑइलपेक्षा दीड-दोन लिटर जास्त मावेल असं पसरट घमेलं, नरसाळं, चिंध्या आणि नायट्राइलचे हातमोजे लागतील. टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, मोजणारा टॉर्क रेंच मिळाला तर फार बरं. बोल्टला उघडा पाना लावू नका. तो फक्त दोन बाजूंनी पकडतो आणि घट्ट बोल्टचे कोपरे घासून टाकतो. एकदा कोपरे गेले की सोपं काम अवघड होऊन बसतं. मॅन्युअलमधून तीन आकडे आधीच कागदावर लिहून घ्या: ऑइलची ग्रेड आणि मानक, फिल्टरसह लागणारं ऑइल, आणि ड्रेन बोल्टचा टॉर्क. ऑइलच्या मापाच्या दोन ओळी असतात, "फिल्टरसह" आणि "फिल्टरशिवाय". पहिली पाहायची.

इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद करा. कोमट ऑइल पटकन वाहतं आणि तळाची घाण सोबत घेऊन येतं. लांबचा प्रवास करून आल्या आल्या मात्र काम काढू नका. तेव्हा ऑइल 90-100 अंशांचं असतं, ते मनगटावरून ओघळलं तर भाजतं.

गाडी उचलणं

या सगळ्या कामात जीव जाऊ शकेल असा टप्पा हा एकच आहे, म्हणून इथे रेंगाळतो. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. हायड्रॉलिक जॅकचं एक सील गेलं की तो बसतो. गाडीसोबत आलेला कात्रीचा जॅक बाजूच्या धक्क्याने कलंडतो. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली क्षणभरही जायचं नाही, हात घालायलाही नाही. विटा आणि सिमेंटचे ठोकळेही नकोत. ते न वाकता, कसलीही सूचना न देता एकदम फुटतात.

जमीन सपाट आणि टणक हवी. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवा आणि मागच्या चाकांना पुढून-मागून अटकण लावा. मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच जॅक लावून पुढचा भाग उचला, दोन्ही बाजूंना गाडीच्या वजनाला पुरतील असे स्टँड लावा आणि जॅक उतरवून वजन स्टँडवर घ्या. मग बाहेर उभं राहून गाडीला दोन्ही हातांनी जोर लावून हलवून पाहा. पडायची असेल तर ती आत्ता पडू दे. मजबूत उताराचे रॅम्प असतील तर त्यांवर पुढची चाकं चढवणं आणखी सोपं, पण मागच्या चाकांची अटकण तिथेही हवीच.

हे सगळं नको वाटत असेल तर दुसरा रस्ता आहे. डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी पाहायच्या काडीच्या) नळीतून बारीक पाइप घालून ऑइल वरूनच ओढून घेणारा हातपंप मिळतो. ज्या गाडीत फिल्टरही बोनेट उघडताच वर दिसतो, तिथे गाडीखाली जायची गरजच पडत नाही. तळाशी थोडं ऑइल राहील, पण नीट स्टँड नसताना गाडीखाली जाण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

जुनं ऑइल काढणं

बोनेट उघडून ऑइल भरायचं झाकण सैल करा, म्हणजे हवा आत जाते आणि ऑइल गचके न देता वाहतं. खाली प्लॅस्टिकचं आवरण असेल तर ते काढा आणि कुठला स्क्रू कुठला ते लक्षात ठेवा.

आता ड्रेन बोल्ट ओळखा. घाईघाईत गिअरबॉक्सचा बोल्ट उघडला जातो. गिअरबॉक्सचं ऑइल सांडतं आणि इंजिनात आधीच्या ऑइलवर नवं ओतलं जातं. दोन्ही यंत्रं धोक्यात. इंजिनाचा बोल्ट इंजिनाखालच्या चेंबरला, त्याच्या सर्वांत खालच्या भागात असतो. चेंबर इंजिनाच्या ब्लॉकला सलग जोडलेला दिसतो, तर गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणारे एक्सल निघतात. आणखी एक खूण: बाहेर पडणारं ऑइल लाल, किंवा काळपट नसून स्वच्छ मधाच्या रंगाचं असेल, तर तिथेच बोल्ट परत लावून थांबा आणि पुन्हा तपासा.

बोल्टकडे सरळ पाहत घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. पहिला झटका पान्याने, पुढचं हाताने. शेवटच्या आट्यांवर बोल्ट वर दाबत फिरवा आणि सुटला की झटकन बाजूला ओढा. धार सुरुवातीला तिरकी लांब पडते, नंतर जवळ येते. घमेलं त्याप्रमाणे सरकवत राहा. धारेचे थेंब झाले की आणखी दहा मिनिटं थांबलात तरी पुरे. शेवटचा थेंब येईपर्यंत बसून राहायची गरज नाही. इंजिनाच्या वरच्या भागात आणि वाहिन्यांत काही ऑइल तसंही राहतंच.

बोल्ट आणि त्याची बैठक पुसा. नवा वॉशर घाला. तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा हा वॉशर मऊ असतो. आवळताना तो किंचित चेपतो आणि बारीकसारीक ओरखडे बुजवतो. एकदा चेपलेला वॉशर पुन्हा तितका चेपत नाही. मग गळती थांबवायला माणूस बोल्ट जास्त आवळतो, आणि आटे जातात ते तिथेच. चेंबर बऱ्याचदा अॅल्युमिनियमचा असतो आणि बोल्ट लोखंडी. जोर जास्त झाला तर हरतो चेंबर.

बोल्ट सुरुवातीला बोटांनीच फिरवा. तीन-चार फेरे सहज जायला हवेत. एका फेऱ्यात अडला तर तो तिरका बसलाय. काढा आणि पुन्हा लावा. पुष्कळ गाड्यांत टॉर्क 25 ते 40 न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. 30 न्यूटन-मीटर म्हणजे 20 सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण 15 किलोचा जोर. एका हाताने, खांदा न लावता, सहज जमेल इतकाच. पान्याला पाइप लावून लांबी वाढवायचा मोह झाला तर पाना खाली ठेवा.

फिल्टर

घमेलं फिल्टरखाली आणा. फिल्टर सुटताच थोडं ऑइल सांडणारच. पान्याने सैल करून पुढे हाताने काढा. काढल्यावर ताबडतोब त्याचं तोंड पाहा. रबराची गोल रिंग त्याच्यासोबत आली का? ती कधीकधी इंजिनालाच चिकटून राहते. त्यावर नवा फिल्टर बसवला तर दोन रिंगा एकमेकींवर येतात. इंजिन सुरू होऊन दाब वाढला की वरची रिंग सरकते आणि मिनिटाभरात सगळं ऑइल जमिनीवर येऊ शकतं. ही एक तपासणी कधीही सोडू नका.

इंजिनावरची बैठक स्वच्छ चिंधीने पुसा. नव्या फिल्टरच्या रिंगेला बोटाने ताज्या ऑइलचा पातळ हात फिरवा. कोरडं रबर आवळताना पिळवटतं. फिल्टर उभा बसत असेल, तोंड वर, तर तो नव्या ऑइलने थोडा भरून लावला तरी चालतो. मग हाताने फिरवा. रिंग बैठकीला टेकली असं जाणवलं की तिथून पुढे पाऊण ते एक फेरा, तोही हातानेच. नेमका आकडा फिल्टरच्या खोक्यावर लिहिलेला असतो. फिल्टरचा पाना काढण्यासाठी आहे, लावण्यासाठी नाही. गळती अडवण्याचं काम रबर करतं, त्याला ताकद लागत नाही. कागदी फिल्टरच्या झाकणावर बहुधा टॉर्क कोरलेला असतो, 25 न्यूटन-मीटरच्या आसपास. प्लॅस्टिक आहे हे ध्यानात ठेवा.

भरणं आणि पहिली सुरुवात

मॅन्युअल 4 लिटर म्हणत असेल तर आधी साडेतीन ओता. पाच मिनिटं थांबा, ऑइल खाली उतरू द्या. ऑइल खुणेच्या वर गेलं तर फिरता क्रँकशाफ्ट त्यात बुडून त्याला घुसळतो आणि फेस होतो. फेसात हवा असते, हवा दाब धरत नाही, आणि बेअरिंगला मिळणारा थर तुटतो. शिवाय आतला दाब वाढून ऑइल सीलमधून बाहेर डोकावू लागतं. थोडं कमी पडलेलं ऑइल वरून घालता येतं. जास्त झालेलं काढायला पुन्हा गाडीखाली जावं लागतं.

झाकण लावा, घमेलं बाजूला घ्या आणि इंजिन सुरू करा. अॅक्सिलरेटरला पाय लावू नका. फिल्टर भरेपर्यंत ऑइलचा लाल दिवा दोन-चार सेकंद राहील आणि विझेल. विझला नाही तर इंजिन लगेच बंद करा आणि कारण शोधा. टर्बो असलेल्या गाडीत हे जास्तच महत्त्वाचं, कारण टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेऊ शकतो आणि तोही याच ऑइलवर तरंगतो. एक-दोन मिनिटं इंजिन तसंच चालू द्या आणि गाडीखाली न शिरता, बाजूने वाकून, बोल्ट आणि फिल्टरपाशी टॉर्चचा उजेड टाका.

इंजिन बंद करून गाडी खाली उतरवा. सपाट जमिनीवर पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढून वाचा. नवं ऑइल इतकं स्वच्छ असतं की काडीवर दिसत नाही. काडी उजेडात तिरकी धरून पाहा. कमी असेल तर दर वेळी जेमतेम शंभर मिलिलिटर घालत वरच्या खुणेच्या किंचित खाली थांबा. अनेक गाड्यांत दोन खुणांमधलं अंतर एक लिटरच्या आसपास असतं. म्हणजे मधोमध असलेलं ऑइलही बरोबरच आहे. काही नव्या गाड्यांत डिपस्टिक नसते, तिथे पातळी स्क्रीनवर पाहायची.

जुन्या ऑइलकडे एकदा नीट बघा

घरी काम करण्याचा सर्वांत मोठा लाभ मला इथे वाटतो. स्वतःच्या इंजिनातून निघालेलं ऑइल तुमच्यासमोर घमेल्यात आहे. काळा रंग ठीक. दुधाळ, कॉफीसारखा रंग असेल तर कूलंट ऑइलमध्ये येत असण्याची शक्यता आहे, ती गाडी मेकॅनिककडे न्या. झाकणाच्या आतल्या बाजूला थोडासा पिवळट फेस मात्र छोट्या फेऱ्यांमुळे साचलेल्या वाफेचाही असू शकतो. पेट्रोलचा उग्र वास म्हणजे इंधन ऑइलमध्ये उतरतंय. ड्रेन बोल्टला चुंबक असेल तर त्यावर बारीक काळा लेप नेहमीचा. टोचतील असे तुकडे किंवा ऑइलमध्ये उन्हात चमकणारा चुरा दिसला तर बेअरिंगची तपासणी हवी. निघालेलं ऑइल मोजून पाहा. भरलं होतं त्यापेक्षा बरंच कमी निघालं तर इंजिन ऑइल जाळतंय किंवा कुठेतरी गळतंय.

हे ऑइल त्वचेला फार वेळ लागू देऊ नये. वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली, कर्करोगाशी संबंध असलेली संयुगं असतात. हातमोजे त्यासाठीच. हात साबणाने धुवा, पेट्रोलने नाही.

जुनं ऑइल झाकणाच्या डब्यात भरा, नव्या ऑइलचा रिकामा डबा चालेल. फिल्टर तोंड खाली करून काही तास निथळत ठेवा आणि ते ऑइलही त्यातच ओता. त्यात कूलंट, पेट्रोल किंवा पाणी मिसळू नका, मिसळलं की ते पुन्हा शुद्ध करणं अवघड होतं. डबा वापरलेलं ऑइल जमा करणाऱ्या अधिकृत ठिकाणी किंवा ते घेणाऱ्या गॅरेजमध्ये द्या. गटारात, मातीत, झाडाच्या बुंध्याशी ते कधीही जाऊ देऊ नका. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या म्हणण्याप्रमाणे एका वेळच्या बदलातलं ऑइल दहा लाख गॅलन गोडं पाणी दूषित करू शकतं. हेच ऑइल नीट जमा झालं तर शुद्ध होऊन पुन्हा वंगण बनतं. काम स्वतः केलं की ऑइलची विल्हेवाटही आपली जबाबदारी होते, आणि ती पार पाडता येणार नसेल तर ऑइल गॅरेजमध्येच बदलून घ्यावं असं मी ठामपणे सांगेन.

नंतरचे दिवस

डॅशबोर्डवरचं सर्व्हिसचं स्मरण मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे शून्यावर आणा. बहुतेक गाड्यांत ते ऑइल प्रत्यक्ष तपासत नाही, किलोमीटर आणि वापर यांवरून हिशेब करतं. त्यामुळे सांगितल्याशिवाय ऑइल बदललेलं त्याला कळत नाही. तारीख, किलोमीटर, ऑइलची ग्रेड आणि फिल्टरचा क्रमांक लिहून ठेवा, पावत्या जपा. गाडी वॉरंटीत असेल तर काम सुरू करण्याआधीच तिच्या अटी वाचा.

दुसऱ्या दिवशी गाडी जिथे उभी होती तिथली जमीन पाहा आणि थंड इंजिनात डिपस्टिक पुन्हा वाचा. बोल्टपाशी ओल दिसली तर आधी ती पुसून एक फेरी मारा, कारण काम करताना सांडलेलं ऑइलही दोन-तीन दिवस ओघळत राहतं. पुसल्यावरही थेंब पुन्हा आला तर टॉर्क रेंचने तपासा, अंदाजाने आवळू नका. टॉर्क बरोबर असूनही गळत असेल तर वॉशर किंवा बैठक खराब आहे. त्यासाठी बोल्ट काढून पाहावं लागेल आणि ऑइल स्वच्छ घमेल्यात धरून ठेवावं लागेल. पुढे महिन्यातून एकदा डिपस्टिक पाहत राहा. पातळी खालच्या खुणेजवळ आली तर त्याच ग्रेडचं ऑइल थोडं थोडं घाला, आणि किती किलोमीटरमध्ये किती घालावं लागलं ते त्याच वहीत नोंदवा.